मानांकन चुकतं एकाचं, शिक्षा होते दुसऱ्याला

२०२५ साली अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलचं विजेतेपद यूकॉनने, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकटने जिंकलं. ६ एप्रिलला टॅम्पामध्ये अंतिम सामना झाला आणि त्यांनी साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवलं. त्याआधी उपांत्य सामन्यात त्यांच्यासमोर होती यूसीएलए, अख्ख्या स्पर्धेतली पहिल्या क्रमांकाची मानांकित टीम. तिला ८५-५१. चौतीस गुणांनी! आणि हाच यूकॉनचा संघ स्पर्धेत उतरला होता तो आपल्या विभागातला दोन नंबरचा संघ म्हणून.

त्या आठवड्यात आमच्या जुन्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. आम्ही सगळ्या विदर्भातल्या एका विद्यापीठाच्या संघातून एकत्र खेळलेल्या. आता कुणी अमरावतीत, कुणी पुण्यात, एक मस्कतला, आणि मी इथे नॉर्थ कॅरोलायनात, राली शहराला लागून असलेल्या कॅरी गावात. आमची कॅप्टन आजही आमच्यासाठी कॅप्टनच आहे. ती शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते आणि मार्च महिन्यात पहाटे उठून हे सामने बघते. तिने लिहिलं, "अगं, दोन नंबर दिला म्हणून काय बिघडलं त्यांचं? जिंकल्याच ना पोरी? मग अन्याय झाला तो कुणावर?"

प्रश्न अगदी योग्य आहे, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. यूकॉनवर अन्याय झालाच नाही. झाला तो यूएससीवर, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियावर. समिती एखाद्या संघाला त्याच्या खऱ्या ताकदीपेक्षा खालचा नंबर देते, तेव्हा त्या संघाला फार तर दोन-चार दिवस वाईट वाटतं. किंमत मोजतो तो त्याच्या विभागात सापडलेला दुसरा संघ. मानांकनावरच्या चर्चेत सगळे जण 'अमक्याला वरचा नंबर हवा होता' एवढंच म्हणत राहतात. त्या अमक्याच्या शेजारी कुणाला बसवलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

ज्यांनी ही स्पर्धा बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही स्पर्धा एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना भरवते. मुलींची स्पर्धा १९८२ साली ३२ संघांनी सुरू झाली, १९९४ पासून ६४ झाले आणि २०२२ पासून मुलांसारखेच ६८. बरेचसे संघ आपापली लीग जिंकून येतात, बाकीचे निवड समिती घेते. मग समिती सगळ्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने लावते, त्यांचे चार विभाग करते आणि प्रत्येक विभागात १ ते १६ असे नंबर देते. एक नंबरचा पहिला सामना सोळा नंबरशी, दोनचा पंधराशी, आणि याच क्रमाने पुढे. सगळे सामने बाद पद्धतीचे. हरलात की संपलं.

मुलांच्या स्पर्धेत सगळे सामने तटस्थ मैदानांवर होतात. मुलींच्या स्पर्धेत तसं नाही. प्रत्येक विभागातले वरचे चार, म्हणजे एकूण सोळा संघ, पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या कॉलेजच्या मैदानावर खेळतात. मध्ये बरीच वर्षं हे सामने आधीच ठरवून दिलेल्या शहरांत होत. २०१५ पासून घरचं मैदान परत आलं. त्यामुळे मुलींच्या स्पर्धेत मानांकन म्हणजे केवळ ओळीतली जागा राहत नाही. स्वतःचा पलंग, स्वतःचं लॉकर, रोजच्या सरावाचं रिंग आणि आपल्या रंगाचे कपडे घालून आलेले हजारो लोक, हे सगळं त्या आकड्याबरोबर येतं किंवा जातं.

आता २०२५ चा हिशेब बघा. निवडीच्या दिवशी यूकॉनच्या नावावर तीन पराभव होते: नोटर डेम, यूएससी आणि टेनेसी. शिवाय त्यांची बिग ईस्ट लीग साउथ कॅरोलायना किंवा टेक्सासच्या लीगइतकी अवघड नाही, म्हणजे दर आठवड्याला तगडा प्रतिस्पर्धी नाही. पण फेब्रुवारीत त्यांनी साउथ कॅरोलायनाला तिच्याच घरी, कोलंबियात, ८७-५८ असं हरवून तिची तिथली ७१ विजयांची साखळी तोडली होती. समितीने पूर्ण हंगाम तोलला आणि यूकॉनला चार एक-नंबरींच्या लगेच खाली ठेवलं. कागदावर हे चूक नाही. कॅप्टन म्हणते तसं, "जे कमावलं तेच मोजायचं. कुणाला कोण भारी वाटतं, यावर नंबर द्यायला लागलो तर संपलंच." इथपर्यंत मी तिच्या बाजूची आहे.

पण एक-नंबरींतला शेवटचा संघ होता यूएससी, आणि यूकॉन गेला त्यांच्या विभागात. यूएससीने डिसेंबरमध्ये कनेटिकटच्या भूमीवर, हार्टफर्डला, यूकॉनला ७२-७० ने हरवलं होतं. त्या विजयाने त्यांना एक नंबर मिळवून द्यायला मदतच केली असणार. आणि त्या एक नंबराचं बक्षीस काय, तर फायनल फोरच्या, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या, दारात पुन्हा तोच यूकॉन. त्याआधीच दुसऱ्या फेरीत यूएससीची सगळ्यात मोठी खेळाडू जूजू वॉटकिन्स, तिचा गुडघा गेला. ती असती तर काय झालं असतं हे कुणालाच सांगता येणार नाही. यूकॉनने ७८-६४ ने सामना घेतला. या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग असा की एक वर्ष आधी, २०२४ मध्येही, यूएससी एक नंबरवर होती, तिच्या विभागात तीन नंबरवर यूकॉन होता, आणि तिथेही शेवटच्या आठांत यूकॉनच जिंकला होता, ८०-७३. त्या वर्षी यूकॉनच्या निम्म्या मुली दुखापतींनी बाहेर होत्या म्हणून नंबर घसरलेला. पण मैदानावर त्यांची हुकमी खेळाडू पेज बेकर्स होती. तीन नंबराचा संघ म्हणून जिच्यासमोर ती आली, तिने काय म्हणावं?

मी राहते त्या गावात हे दुखणं त्याहून जुनं आहे. आमचा संघ एनसी स्टेट, म्हणजे रालीतली नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी. घरातले टी-शर्ट लाल, माझी लेक लहानपणापासून रेनॉल्ड्स कोलिझियममध्ये जाऊन बसलेली. तिथल्या लाकडी कोर्टाला के याव यांचं नाव आहे. त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ इथे मुलींना शिकवलं, कॅन्सरशी लढत शेवटपर्यंत कोचिंग केलं आणि २००९ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या हाताखाली १९९८ साली संघ पहिल्यांदा फायनल फोरला पोचला होता. त्यानंतर लोक वाट बघत होते. २०२२ चा संघ तिथे परत पोचणार असं सगळ्यांना वाटत होतं. एसीसी लीग जिंकलेली, इलिसा क्युनेन मध्ये, रेना पेरेझ चेंडू हाताळायला, आणि एक नंबरचं मानांकन हातात.

त्या वर्षी चार विभागांची चार शहरं होती: ग्रीन्सबरो, स्पोकेन, विचिटा आणि ब्रिजपोर्ट. यातलं ग्रीन्सबरो आमच्याच राज्यात आहे, रालीहून आय-४० हा हायवे पकडला की दीड तासात पोचता येतं. पण चार एक-नंबरींमध्येही क्रम असतो. सगळ्यात वर साउथ कॅरोलायना होती, तिला जवळचं शहर म्हणून ग्रीन्सबरो मिळालं. हे रास्त आहे, त्यावर माझी तक्रार नाही. दुसरी स्टॅनफर्ड, ती पश्चिमेला स्पोकेनला गेली. एनसी स्टेट तिसरी. तिला मिळालं कनेटिकटमधलं ब्रिजपोर्ट. आणि त्या विभागात दोन नंबरला कोण? यूकॉन! त्यांच्या कॉलेजपासून ब्रिजपोर्ट साधारण तेवढंच लांब, जेवढं आमच्यापासून ग्रीन्सबरो. म्हणजे एक नंबरची मुलगी विमानाने परक्या गावी जाणार, आणि दोन नंबरचे प्रेक्षक जेवून-बिवून गाडी काढून येणार. कागदोपत्री ते यूकॉनचं मैदान नव्हतं, म्हणून नियम मोडला नाही.

आणि यूकॉन तेव्हा खरोखर दोन नंबरचा होता का? त्यांच्या नावावर पाच पराभव होते, पण बहुतेक पेज बेकर्स गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर असतानाचे. फेब्रुवारीच्या अखेरीस ती परत आली. समितीने जो संघ मोजला तो डिसेंबर-जानेवारीतला होता, आमच्या मुलींसमोर जो उभा राहिला तो मार्चमधला.

२८ मार्च २०२२ चा तो सामना मी आजवर बघितलेल्या सामन्यांतला सर्वोत्तम आहे, हे हरूनही म्हणते. बरोबरी, ओव्हरटाइम. पहिला ओव्हरटाइम संपता संपता जकाया ब्राउन-टर्नरने कोपऱ्यातून तीन गुणांचा फेक टाकून पुन्हा बरोबरी केली. दुसरा ओव्हरटाइम. शेवटी ९१-८७, यूकॉन. पेजचे २७ गुण, त्यातले १५ दोन ओव्हरटाइममधले. एवढ्या मोठ्या खेळाडूपुढे हरण्यात काही कमीपणा नाही. पण टीव्हीवर प्रत्येक फ्री थ्रोला जो कल्लोळ ऐकू येत होता, तो एक नंबरच्या संघाविरुद्धचा होता. चार गुणांचा फरक, दोन ओव्हरटाइम. ग्रीन्सबरो सोडा, विचिटाच्या कुठल्याही परक्या हॉलमध्ये त्या चार गुणांचं काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून गेलेला नाही. यूकॉनची सलग चौदावी फायनल फोर झाली. आमच्या मुली बसमध्ये बसून विमानतळावर गेल्या.

मी या विषयावर इतकी तावातावाने का बोलते, असं लेक विचारते. त्याचं कारण आमच्या काळात आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत आमच्या वेळी मानांकन मागच्या वर्षीच्या निकालावरून ठरायचं. मागच्या वर्षीचे पहिले चार संघ टाय शीटवर चार कोपऱ्यांत बसायचे आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्या पडायच्या. मागच्या वर्षी खेळलेल्या निम्म्या मुली पास होऊन, लग्न होऊन निघून गेलेल्या असायच्या, तरी मानांकन विद्यापीठाच्या नावावर चालू. एका वर्षी आमचा संघ खरोखर बांधून झाला होता. उन्हाळाभर सिमेंटच्या कोर्टवर सराव, आमची सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारी उंच खेळाडू, शेवटच्या वर्षाला, कॅप्टन तिच्या सर्वोत्तम फॉर्मात. पश्चिम विभागाच्या स्पर्धेला आम्ही रात्रभर स्लीपरच्या डब्यातून गेलो आणि चिठ्ठीत आलं ते मागच्या वर्षीच्या विजेत्यांचं नाव. पहिलाच सामना. आम्ही शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत झुंजलो आणि हरलो. तिथे आलेल्या निम्म्या संघांना आम्ही हरवलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रेक्षकांत बसून इतरांचे सामने बघत होतो. सेंटर खेळायची ती तिच्या आयुष्यातली शेवटची मॅच. आज ती दोन मुलांची आई आहे आणि ग्रुपवर हा विषय निघाला की एकच वाक्य लिहिते: "आपल्याला ड्रॉने हरवलं."

म्हणून अमेरिकेतली समिती या वर्षीचा हंगाम बघते, कोण कुणाविरुद्ध कुठे जिंकलं हे बघते, याचं मला मोल वाटतं. २०२०-२१ पासून मुलींसाठी 'नेट' नावाची क्रमवारी वापरतात. त्याआधीची आरपीआय जय-पराजय आणि प्रतिस्पर्ध्यांचे जय-पराजय एवढंच मोजायची. नेटमध्ये प्रत्येक पझेशनला, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यावर दर वेळी, संघ किती गुण करतो आणि किती करू देतो, तेही येतं. समिती फक्त त्या यादीवर चालत नाही, पण सुरुवात तिथून होते. कॅप्टनला नेट आवडत नाही. तिच्या मते त्यामुळे दुबळ्या संघाला चाळीसने हरवायची चटक लागते. त्यात तथ्य आहे.

खाली गेलं की चित्र आणखी अवघड होतं, कारण छोट्या कॉलेजांना सिद्ध करायला संधीच मिळत नाही. मोठे संघ त्यांच्याकडे खेळायला जात नाहीत, त्यांची लीग दुबळी मानली जाते, आणि मार्चमध्ये त्यांना खालचा नंबर मिळतो. १९९८ चं हार्वर्ड आठवा. आयव्ही लीगचे विजेते, संघात ॲलिसन फीस्टर, त्या हंगामात देशभरात सर्वांत जास्त सरासरीने गुण करणारी खेळाडू. आणि मानांकन? सोळा. सगळ्यात शेवटचं. पहिला सामना स्टॅनफर्डशी, स्टॅनफर्डच्या घरी. स्पर्धेच्या तोंडावर स्टॅनफर्डच्या व्हनेसा नायगार्ड आणि क्रिस्टिन फोल्कल या दोघींचे गुडघे गेले होते. फीस्टरने ३५ गुण केले, हार्वर्ड ७१-६७ ने जिंकलं. सोळा नंबरने एक नंबरला हरवण्याची कॉलेज बास्केटबॉलच्या या स्पर्धांतली ती पहिली वेळ. मुलांच्या स्पर्धेत तसं घडायला २०१८ उजाडलं.

हार्वर्डची गोष्ट सगळे चमत्कार म्हणून सांगतात. मला ती वेगळी दिसते. देशातली सर्वाधिक गुण करणारी मुलगी ज्या संघात आहे त्याला समितीने सर्वांत खालची जागा दिली आणि समोर आली ती दोन खेळाडू गमावलेली स्टॅनफर्ड. हार्वर्ड दुसऱ्याच फेरीत आर्कान्साकडून हरलं, आणि नऊ नंबरचं आर्कान्सा त्या मोकळ्या झालेल्या विभागातून थेट फायनल फोरला पोचलं. इतक्या खालच्या नंबरचा संघ मुलींच्या स्पर्धेत तोवर कधी तिथे गेला नव्हता. एका नंबरने अख्खा विभाग कसा हलतो, ते यात दिसतं.

घरच्या मैदानाच्या मुद्द्यावर मात्र कॅप्टनचं आणि माझं जमत नाही. तिचं म्हणणं स्पष्ट आहे: "घरचं मैदान म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधी दहा गुण. चार नंबर आणि पाच नंबर यांच्यात केसाचा फरक, पण चार नंबर घरी झोपणार आणि पाच नंबर हॉटेल शोधणार." हे खरं आहे. सोळावा आणि सतरावा संघ यांच्यातली रेघ या स्पर्धेतली सगळ्यात क्रूर रेघ आहे. २०२४ मध्ये चार नंबरच्या गोन्झागाला स्पोकेनमध्ये यजमानपद मिळालं. त्याच शहरात मुलांचेही सामने होते, हॉटेलं भरली. पाच नंबरच्या युटाच्या मुलींना शेजारच्या आयडाहो राज्यातल्या कर डलेन गावात उतरवलं. तिथे रात्री जेवायला जाताना गाड्यांतून लोकांनी त्यांना वर्णद्वेषी शिवीगाळ केली. मुली इतक्या घाबरल्या की संघाचा मुक्काम हलवावा लागला. मग त्या गोन्झागाच्या मैदानावर जाऊन खेळल्या आणि हरल्या, ७७-६६. एका नंबरच्या फरकाचा अर्थ कुठवर जातो, ते या एका प्रसंगाने कळतं.

तरीही मी घरच्या मैदानाच्या बाजूने आहे. कारण मी रेनॉल्ड्समध्ये बसले आहे. २०२१ मध्ये कोविडमुळे सगळी स्पर्धा सॅन अँटोनियो आणि आसपास झाली आणि ओरेगॉनच्या सिडोना प्रिन्सने मुलींच्या वेट रूमचा व्हिडिओ टाकला: हलक्या डंबेल्सचा एक छोटासा स्टँड, बस. मुलांना तिकडे अख्खी जिम. त्या व्हिडिओनंतर चौकशी झाली, मुलींच्या स्पर्धेलाही 'मार्च मॅडनेस' हे नाव वापरायला मिळालं, संघ ६८ झाले. तीन वर्षांत, २०२४ मध्ये, साउथ कॅरोलायना आणि केटलिन क्लार्कच्या आयोवाचा अंतिम सामना मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी बघितला. पण हे प्रेक्षक टीव्हीवर अचानक उगवले नाहीत. ते आयोवा सिटी, कोलंबिया, राली अशा गावांतल्या भरलेल्या हॉलमध्ये तयार झाले. शाळेतल्या मुली आईचा हात धरून येतात, शेवटी सही घेतात, पुढच्या वर्षी परत येतात. हे एखाद्या तिसऱ्याच शहरातल्या अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये होत नाही.

शिवाय घरचं मैदान म्हणजे विजय असं थोडंच आहे. २० मार्च २०२२ या एकाच दिवशी दहा नंबरच्या दोन संघांनी दोन नंबरच्या दोन यजमानांना घरी जाऊन हरवलं: साउथ डकोटाने बेलरला ६१-४७ आणि क्रेटनने आयोवाला ६४-६२. क्रेटनचा निर्णायक तीन गुणांचा फेक टाकणारी लॉरेन जेन्सन आधी आयोवाच्याच संघात होती. पुढच्या वर्षी इंडियाना आणि स्टॅनफर्ड या दोन एक-नंबरी घरीच, दुसऱ्या फेरीत हरल्या, मायामी आणि ओल मिसकडून. कॅप्टनला मी ही उदाहरणं पाठवली, तर तिचं उत्तर आलं, "अपवाद दाखवू नकोस, रोजचं दाखव." कोच आहे ती.

मग २०२५ मध्ये आमच्या भागात एक अपूर्व गोष्ट झाली. राली, डरहम आणि चॅपल हिल, अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरातली तीन गावं आणि त्यांची तीन कॉलेजं, एनसी स्टेट, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना, तिन्ही पहिल्या सोळांत. तिन्ही ठिकाणी घरचे सामने. त्या शनिवार-रविवारी इथल्या मराठी घरांतही कोण कुठे जाणार याचे बेत चालले होते. पुढच्या फेरीसाठी आता चारऐवजी दोनच शहरं असतात, २०२३ पासून. त्या वर्षी बर्मिंगहॅम आणि स्पोकेन. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना बर्मिंगहॅमला गेले. एनसी स्टेट, लीगच्या साखळीत नोटर डेमसोबत पहिला आलेला आणि दोन नंबरचं मानांकन मिळवलेला संघ, गेला देशाच्या दुसऱ्या टोकाला, स्पोकेनला. ओळखीतल्या कुणालाच जाता आलं नाही. तीन नंबरच्या एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेटने, त्यांना ८०-७३ ने हरवलं.

त्याच वर्षी साउथ कॅरोलायनाच्या कोच डॉन स्टेलींनी उघड नाराजी मांडली होती, की साउथ कॅरोलायनाला एकूण क्रमवारीत पहिला नंबर हवा होता, दुसरा कसा दिला. स्टेलींबद्दल मला अतोनात आदर आहे. पण त्या दुसऱ्या नंबराने त्यांचं काय गेलं? पहिल्या आलेल्या यूसीएलएला स्पोकेन मिळालं, दुसऱ्या आलेल्या त्यांना बर्मिंगहॅम, घराजवळचं. २०२२ मध्ये मात्र पहिला आणि तिसरा यांच्यातल्या फरकाने एका संघाला ग्रीन्सबरो मिळालं आणि दुसऱ्याला ब्रिजपोर्ट. आकडा किती, यापेक्षा त्या आकड्याबरोबर गाव कुठलं आणि शेजारी कोण येतो, भांडायला हवं ते याच्यावर.

म्हणून माझा प्रस्ताव असा. नंबर समितीने द्यावेत, पूर्ण हंगाम मोजून, आज देते तसेच. कुणाला कोण भारी 'वाटतं' यावर नकोत. पण ड्रॉमधली जागा समितीने देऊ नये. चार एक-नंबरींनी आपल्या क्रमाने आधी शहर निवडावं आणि मग आपल्या विभागातला दोन नंबर निवडावा. पहिली पहिल्यांदा निवडेल, चौथीला उरेल ते. २०२५ मध्ये कदाचित यूएससीच्याच वाट्याला यूकॉन आला असता, पण तेव्हा वरच्या तिघींनी टाळून तो तिच्याकडे ढकलला हे सगळ्या देशाला दिसलं असतं, आणि यूकॉन खरा कोण आहे हेही. शिवाय एक नियम पक्का हवा: विभागातल्या कुठल्याही संघाला एक नंबरपेक्षा घराजवळ खेळता येणार नाही.

कॅप्टनने यावर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. तिला निवडण्याची कल्पना मुळीच पटलेली नाही. "अगं, वीस वर्षांच्या पोरी आहेत त्या. टीव्हीवर एक संघ म्हणतो, आम्हाला ह्यांच्याशी खेळायचंय, म्हणजे ह्या सोप्या. त्या पोरींना कसं वाटेल? मी माझ्या मुलींसमोर असलं होऊ देणार नाही." मी म्हटलं, आपल्या सेंटरला चिठ्ठीने हरवलं तेव्हा तिला कसं वाटलं? आम्हाला सोपं समजून कुणी निवडलं असतं तर आपण त्या रात्री स्लीपरच्या डब्यात झोपलोच नसतो, दात-ओठ खात बसलो असतो, आणि कदाचित जिंकलोही असतो.

दुसरा नियम तिला मान्य आहे. त्यावर तिने फक्त एक शंका काढली: २०२२ मध्ये एनसी स्टेटने विचिटा निवडलं असतं तर तिथे असलेल्या चौथ्या, लुइव्हिलला ब्रिजपोर्टला जावं लागलं असतं, मग तो अन्याय तिच्यावर नाही का? नाही, कारण या नियमाने यूकॉन ब्रिजपोर्टला राहिलाच नसता. तोही विमानात बसला असता, विचिटाला, स्पोकेनला, नाहीतर आमच्या ग्रीन्सबरोला. आणि ग्रीन्सबरोत साउथ कॅरोलायनाविरुद्ध यूकॉन आला असता, तर तिकीट काढायला मी पहिल्या रांगेत उभी राहिले असते.